कॉल बंद झाला, असं सगळे म्हणाले

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे आणि माझा सहजासहजी कुणावर विश्वास बसत नाही. लकडगंजच्या एका दुकानदाराने मला जुन्यात काढलं आणि मी नंदनवन भागातल्या या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात चाचणीचा फोन झालो.

इथली प्रोग्रामर उत्तरा एक 'बाइंडिंग' लिहीत होती. व्हिडिओ कॉल चालवणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, एका संगणकभाषेत लिहिलेली. दुसऱ्या भाषेत काम करणाऱ्यांना ती वापरता यावी म्हणून मध्ये बसवलेला दुभाषी म्हणजे बाइंडिंग. मी दिवसभर कॉल घ्यायचो, तोडायचो. दर वेळी चाचणी दुभाष्याला विचारी, कॉल बंद झाला का? तो म्हणे, झाला. लगेच चाचणी पास झाल्याची हिरवी खूण. मला हा दुभाषी पहिल्या दिवसापासून खटकत होता. कॉल तुटला तरी माझा कॅमेरा उघडाच राही आणि मी तापत जाई.

"पारा पंचेचाळीसवर गेला, तापणारच नं," उत्तराचा सहकारी केशव म्हणाला आणि मला रोज कूलरसमोर ठेवू लागला. जरा निवलो की माझी तक्रार मिटली, असं त्याला वाटे. मला फार राग यायचा.

हे बाइंडिंग कन्हानच्या एका दवाखान्याच्या ॲपमध्ये जाणार होतं. ऑफिसची झाडझूड करणाऱ्या सिंधूताईंची लेक प्रीती तिथेच राहते, नुकतीच बाळंत झालेली. ती घरूनच डॉक्टरांशी बोलणार होती. कॉल ठेवून तिने बाळाला पाजायला घेतलं असतं आणि कॅमेरा बघत राहिला असता. मला त्याची भीती वाटे.

काम सोपवायच्या आदल्या दिवशी सिंधूताईंनी टेबल पुसताना मला उचललं.

"मॅडम, हा फोन कूलरपुढं ठेवून बी काहून गरम होऊन राहिला? बाकीचे तं थंडगार आहेत."

"जुना आहे ना तो, ताई."

"जुना आहे, पण पडूनच आहे नं. मग काम काय करून राहिला?"

उत्तराने मला घेतलं आणि कॅमेरा उघडायला गेली. पडद्यावर आलं, 'कॅमेरा दुसरं ॲप वापरत आहे.' तिचा चेहरा उतरला. दुभाष्याने लायब्ररीला कॉल संपल्याचा निरोप दिलाच नव्हता, नुसता हो म्हणून मोकळा झाला होता.

"केशव, उद्या काही द्यायचं नाही."

"पण सगळं हिरवं आलं नं."

"कोणाले विचारून आलं?"

दुरुस्तीला चार दिवस लागले. आता चाचणी थेट माझ्या कॅमेऱ्याला विचारते. मित्रांनो, तुमचा फोन उगाच तापला, तर त्याला वाऱ्याला ठेवून गप्प करू नका.

परवा प्रीतीचा पहिला कॉल झाला. सिंधूताई सांगत होत्या, बोलणं संपल्यावर तिने फोन पालथा घातला, वर उशी ठेवली आणि मगच बाळाला जवळ घेतलं. मला तिचं अगदी बरोबर वाटलं.