आईची साक्ष

नकाशा विभागाच्या आतल्या खोलीचं माझं कार्ड बंद झालं ते आईमुळे, ताईमुळे नव्हे. हे सांगून सांगून मी थकले. तरी जो तो मान हलवतो आणि म्हणतो, "बहीण परदेशात म्हटल्यावर व्हायचंच."

ताई तिकडच्या माणसाशी लग्न करून तिकडचीच झाली, हे मी नोकरीला लागतानाच कळवलं होतं. दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो, तेही कळवलं होतं. संरक्षणाचे नकाशे हाताळायचे तर सुरक्षा परवाना लागतो आणि तो दर काही वर्षांनी नव्याने मिळवावा लागतो. त्यासाठी तपासनीस घरी येतो आणि घरच्यांना एकेकटं गाठून विचारतो. यंदा तो आला तेव्हा मी कामावर होते. आईने त्याला चहा दिला आणि ठणकावून सांगितलं, "दोघींमधून विस्तव जात नाही. तिच्या लग्नापासून अबोला आहे."

का, तर माझ्या भल्यासाठी. परदेशातली बहीण खात्याला चालते, लपवाछपवी चालत नाही, हे तिला कोण सांगणार? मी म्हणते दर रविवारी, आई म्हणते अबोला. झालं! दुसऱ्या दिवसापासून मी बाहेरच्या खोलीत शाळेच्या नकाशांतले समुद्र एकसारखे निळे आहेत का, ते तपासत बसले. परवाना परत मिळाला नाही तर निवृत्तीपर्यंत हेच करायचं होतं.

मग आम्हा दोघींना चौकशीला बोलावलं.

"आई, विचारतील तेवढंच आणि खरं सांग. एक अक्षर जास्त नको," मी जिन्यात बजावलं.

"मला काय कळत नाही का?"

आत गेल्यावर पर्स मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "साहेब, मी खोटं बोलले. दोघींचा एकमेकींत जीव अडकलाय. हिला शिंक आली तर ती तिकडे औषध घेते."

तपासनीसाला हसू आवरलं नाही. माझ्याही जिवात जीव आला. मग तो माझ्याकडे वळला. "समजा, तिकडे कुणी तुमच्या बहिणीला डांबून ठेवलं आणि सोडायला एक नकाशा मागितला. काय कराल?"

हा प्रश्न दर वेळी असतो. मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "देईल की! सख्खी बहीण आहे. न द्यायला ही काय दगड आहे?" आणि तिने कौतुकाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"उत्तर यांच्याकडून हवंय," तपासनीस म्हणाला.

"लगेच खात्याला कळवीन," मी म्हणाले. "नकाशा देणार नाही."

ते मनापासून होतं की पाठ होतं, मला अजून सांगता येत नाही. आईचा हात मात्र पाठीवरून निघाला.

परवाना मिळाला. घरी परतल्यावर कुलूप उघडताना आई म्हणाली, "आत काय बोललीस ते ताईला सांगू नकोस. मीही नाही सांगणार."

रविवारी ताईचा फोन आला. "काय झालं गं? काळजीने झोप नाही मला."

"मिळालं कार्ड," मी म्हणाले.

ताई आनंदाने इतकी ओरडली की शेजारी बसलेल्या आईलाही ऐकू गेलं. आईने वर पाहिलं नाही.