डबा माझा, किल्ली त्याची

“दुपारी तुळजापूरचा पोरगा यायलाय. तो विंडोज टाकंल अन् मोकळा व्हईल. तुझं ते मॅक-फॅक बास झालं, सिध्या!”

“टाकून बघा, काका! डिस्क पुसली तर मी परत दुकानात पाय ठेवायचा न्हाय.”

“नको ठेवू. शाळेत तरी कुठं ठिवलास?”

हे झोंबलं मला. म्या स्क्रूड्रायव्हर आपटला, तो उडाला अन् नेमका काकांच्या चहात पडला. काकांनी तो बाहेर काढला, रुमालाला पुसला, माझ्या हातात दिला अन् उरलेला चहा पिऊन टाकला. “पोरगा येईपतुर वेळ हाय,” म्हणले.

शरणप्पाकाका माझे सख्खे चुलते. अणदूरला त्यांचा फोटो स्टुडिओ, लग्नाची शूटिंग करतेत. शाळा सोडल्यापासनं मी तिथंच असतो. हा कॉम्प्युटरचा डबा म्या अन् नळदुर्गच्या शिवकुमारनं बनिवला. आतले पार्ट साधे, अन् त्यावर चालतं मॅक. ह्याला हॅकिंटॉश म्हणतेत. मॅकला कळू द्यायचं न्हाय की तो परक्या घरात झोपलाय, एवढीच गंमत. ही गंमत बूटलोडर करतो. बटन दाबलं की सगळ्यात आधी तो उठतो, मग बाकीच्यांना उठवतो.

कालपासनं तोच उठंना. काळा स्क्रीन, वर एकच ओळ: सुरू करायला काही सापडलं न्हाय.

एका पेनड्राइव्हवर म्या नवा बूटलोडर बनिवला. सफरचंद आलं, खालची पट्टी निम्म्यात गेली अन् थटली. सेटिंग बदललं. आता सफरचंदाच्या जागी गोल, गोलात आडवी रेघ. प्रवेश बंद! परत बदललं, परत गोल. ह्या बोर्डाला नेमकं काय लागतं ते शिवकुमारनं डोकं फोडून फोडून बसवलं हुतं, अन् ते सगळं जुन्या बूटलोडरमधी. म्हणून डिस्क काढून काकांच्या लॅपटॉपला जोडली. त्याला मॅकचं बाकी काय वाचता येईना, पण बूटलोडरची जागा तेवढी दिसली. रिकामी. धुतल्यागत.

डिस्क पुसली असती तर आमचा पिच्चर गेला असता. तो दुसऱ्या कुठंच न्हाय.

अणदूर अन् नळदुर्ग, खंडोबाची देवळं दोन, पण मूर्ती एकच. थोडे महिने देव तिकडं, बाकी आमच्याकडं. द्यायचा-न्यायचा करार व्हतो दोन्ही गावच्या मानकऱ्यांत. एका वर्षी देव निघाला तवा इकडचं शूटिंग म्या केलं, तिकडचं शिवकुमारनं. माझ्यात बायका डोळे पुसत्यात, त्याच्यात हलगी वाजती. मधला रस्ता कुणीच घेतला न्हाय. त्यावरनं आमची भांडणं, अन् पिच्चर अर्धाच.

डबा बनिवला तवा आमीबी तसाच करार केला. काय दिवस हुते ते! स्टुडिओच्या गच्चीवर पत्र्याखाली बसायचं, तिथंच मोबाइलला रेंज. डाउनलोड सरकंना की शिवकुमार मोबाइल काठीला बांधून वर धरायचा अन् ओरडायचा, “बा, बा, बा!” म्हंजी कन्नडात ये, ये, ये. कोंबड्यांना बोलवल्यागत. खालनं काका कन्नडातच शिव्या हासडायचे. पहिल्यांदा डेस्कटॉप उघडला तवा आमी देव्हाऱ्यातला भंडारा आणून डब्यावर उधळला. पंखा चालू हुता. समदा भंडारा आत. अजून डबा खोलला की हात पिवळे व्हतेत.

तर करार असा: डबा माझ्याकडं, बूटलोडरचा निळा पेनड्राइव्ह त्याच्याकडं. एकट्यानं कुणालाच चालू करता यायचं न्हाय. मग तो सायकल मारत यायचा, यायचाच.

गेल्या साली तो पुण्याला कंपनीत लागला. जायच्या दिवशी स्टुडिओत आला, डब्यामागं वाकून कायतरी खुडबुड केली अन् म्हणला, “आता किल्लीचं टेन्शन न्हाय बे तुला.” मी फुगून बसलो हुतो, बघितलंबी न्हाय. समजलो, डिस्कमधी टाकलं. तवापासनं डबा रोज बटनावर चालू व्हायचा.

आता म्या डबा फिरवून मागं बघितलं. सगळीकडं धूळ, अन् एका भोकापाशी तेवढी चौकोनी जागा लख्ख.

डिस्कमधी त्यानं काहीच टाकलं नव्हतं. नुसती किल्ली लावून गेला हुता.

“काका! हितं मागं निळा पेनड्राइव्ह हुता!”

“त्यो व्हय? त्यो पिकअप गाडीत हाय. परवा मोबाइलच्या दुकानातनं त्यात खंडोबाची गाणी भरून आणली.”

“दुकानवाल्यानं फॉरमॅट मारलं का?”

“ते त्यालाच इचार. मला काय माहीत?”

मी अनवाणीच पळालो. पिकअपच्या टेपमधनं पेनड्राइव्ह उपटला, लॅपटॉपला लावला. गाणी, गाणी, गाणी, अन् त्या गर्दीत बूटलोडरचं फोल्डर तसंच हाय!

डिस्क परत बसवली, पेनड्राइव्ह त्याच्या जागेवर लावला. सफरचंद. पट्टी निम्म्यावर येऊन थांबली. काकाबी वाकून बघायले. मग सरकली, अन् डेस्कटॉप उघडला.

“भले!” काका म्हणले. “पण पेनड्राइव्ह मला पायजे. गाण्याबिगर गाडी चालवत न्हाय मी. त्याच्याबिगर डबा चालू करून दाखव, त्या पोराला येऊ नको म्हणतो.”

काम दोन मिनिटांचं. डिस्कमधली ती लपलेली जागा उघडायची, फोल्डर तिथं टाकायचं. गेल्या साली शिवकुमारलाबी दोनच मिनिटं लागली असती. माझा हात सरकंना. म्या फोन लावला.

“शिवू, बूटलोडर डिस्कमधी टाकू का?”

तिकडं गाड्यांचा आवाज. “आता कळलं का बे तुला?”

“तू का न्हाय टाकलास?”

“झालंच न्हाय माझ्याच्यानं.”

“कुठं हाईस?”

“नळदुर्ग स्टँडवर. हितलं घर सोडलं आज. आई-आप्पाला घेऊन चाललोय पुण्याला.”

“अन् सांगितलं न्हाईस मला?”

“फोन उचलतोस का तू माझा?”

मग तोच म्हणला, “टाक, सिध्या. आता मी काय सायकलवर येत न्हाय.”

म्या टाकलं. पेनड्राइव्ह काढला, बटन दाबलं. एकट्यानं चालू झाला डबा. काकांनी तुळजापूरला फोन करून नको म्हणून सांगितलं अन् माझ्या पाठीत एक धपाटा घातला, लाडाचा. मला बरं वाटायला पायजे हुतं.

मग म्या त्यांची गाणी उडवली. जागा पायजे हुती. माझं शूटिंग अन् शिवूचं शूटिंग, दोन्ही त्या निळ्या पेनड्राइव्हवर चाललंय. बूटलोडरला हात लावला न्हाय. डबा कधी रुसला तर किल्ली त्याच्याकडंच असावी. पट्टी सरकंपतुर ह्याच डब्यावर हे टाइप करायलोय, नुसतं बसून राहिलो असतो तर स्क्रीन फोडला असता. गाण्यांचं काकांना अजून कळलं न्हाय. त्यांची मोटरसायकल दारात हाय, चावीबी तिलाच.

शिवकुमारचा मेसेज आलाय. पुण्याची गाडी अजून लागली न्हाय. खाली नुसतं लिहिलंय: बा, बा, बा.

काका पिकअपकडं निघालेत. पट्टी भरली. नळदुर्गला निघतो, जावंच लागंल मला आता.