जोडीला दुसरं इस्पिक नव्हतं

मी इस्पिकचा एक्का बोलतोय. आवाज चढलाय, पण ऐकून घ्या.

पुनावळ्यातल्या एका खोलीत गणराज आणि नदीम राहतात. दोघं चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच लाइनवर. आमचा पत्त्यांचा जोड गणराजने आणला. मोबाइलवर बघून तो ओमाहा पोकर शिकला आणि नदीमलाही शिकवला. हातात चार पत्ते, मध्ये पाच उघडे. हातातले दोनच वापरायचे, मधले तीन. पैशांऐवजी वॉशर लावायचे. मला मजा यायची.

महिन्यापूर्वी सुपरवायझर म्हणाला, "सोमवारी सुट्टी एकालाच. तुमचं तुम्ही ठरवा."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर गणराज म्हणाला, "पत्त्यांवर ठरवू. चार वाजता ज्याचे वॉशर जास्त, त्याची सुट्टी." त्याला मित्राच्या हळदीला जायचं होतं. "तुझं काय काम आहे रे?"

"काही नाही. घरी जाऊन यावं म्हटलं."

साडेतीनला मध्ये तीन इस्पिक उघडी पडली. नदीमच्या हातात इस्पिकचा राजा आणि नव्वी, म्हणजे पाच इस्पिकांचा फ्लश तयार. त्याच्यावर मात फक्त माझ्या फ्लशची. गणराजच्या हातात मी आणि तीन लाल पत्ते. फ्लशला हातातली दोन इस्पिक लागतात. मी एकटा काय कामाचा? पण मी गणराजकडे होतो, म्हणजे नदीमकडे नव्हतो, एवढं गणराजला पक्कं ठाऊक होतं. त्याने वॉशरचा ढीग पुढे सरकवला आणि निवांत चहाचा घोट घेतला.

"एक्का आहे राव तुझ्याकडे," नदीम म्हणाला आणि त्याने पत्ते टाकले. उरलेल्या वॉशरवर भरून काढू, असं त्याला वाटलं. नंतर त्याला बरे पत्ते आलेच नाहीत; चारला सुट्टी गणराजची झाली.

इथवर माझी तक्रार नव्हती. ब्लफ हा खेळच आहे.

नदीम दूध आणायला गेला. त्याचा फोन वाजला, गणराजने उचलला. लातूरहून नदीमची बायको, गौहर बोलत होती. "भाईजान, हे निघाले का? उद्या अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मुलगा आल्याशिवाय करून घेणार नाही म्हणतायत."

नदीम दारात येताच गणराज ओरडला. "बोलला का नाहीस?"

"पत्ते पिसत बसला होतास तू. आईचं नाव काढून भीक मागू?"

"जा, सुट्टी तुझी."

"हरलोय मी. एक्का होता तुझ्याकडे."

गणराजने जोडातून मला ओढून काढलं. "हा एकटाच होता. जोडीला दुसरं इस्पिक नव्हतं."

नदीमचा चेहरा उतरला. "म्हणजे आधी फसवलंस, आता दया करतोस?" त्याने मला मुठीत चुरगळलं आणि भिंतीवर फेकलं. मग बॅग उचलून लातूरला गेला.

ऑपरेशन नीट झालं. तरीही महिनाभर खोलीत "किल्ली कुठंय" आणि "गॅस बंद कर" एवढंच ऐकू येतं. जोड कपाटावर पडलाय. एक्का मोडल्यावर खेळणार काय?

डावात तोंड बंद ठेवा, खुशाल फसवा. पण भाकरी एका ताटात खाणाऱ्यांनी घरातही तेच बंद तोंड घेऊन बसायचं? एकाला अडचण सांगायची लाज, दुसऱ्याला माफी मागायची!

आज सकाळी बूट घालताना नदीम पुटपुटला, "अम्मीला आता पेपर वाचता येतो."

गणराजने नुसती मान हलवली.

अरे, विचार की पुढे काहीतरी, गाढवा!