आठ क्लबांचा बारकानी

२००८च्या उन्हाळ्यात दुबईत इमारतीला भारदस्त नाव नसेल, तर गिऱ्हाईक नाक मुरडायचं. गुणवंत ज्या बिल्डर कंपनीत ब्रोशर लिहायचा, तिच्या मालकांना म्हणूनच साक्षात्कार झाला, की मरीनामधल्या आपल्या बेचाळीस मजली टॉवरला एखाद्या थोर फुटबॉलपटूचं नाव द्यायचं. जिवंत थोर लोकांनी आपापले आकडे सांगितले आणि मालकांचा साक्षात्कार निम्म्यावर आला. मग मार्केटिंगचा साहेब व्हर्नन, मूळचा वसईचा, गुणवंतच्या टेबलाला टेकून म्हणाला, "मॅन, कोणीतरी मेलेला बघ. मेलेला रॉयल्टी मागत नाय."

आता गुणवंतला फुटबॉलमधलं काय कळत होतं? कप्पाळ! पण नोकरीला लागताना त्याने अर्जात छंद म्हणून फुटबॉल लिहिलं होतं, कारण तेव्हाचा साहेब इंग्रज होता. केलेलं पाप असं सोळा वर्षांनी फेडावं लागलं. तीन दिवस इंटरनेट धुंडाळून त्याला सापडला ओडोन बारकानी. देश हंगेरी, काळ दोन महायुद्धांच्या मधला, आणि दावा सांगणारी एकुलती एक मुलगी, वय वर्षं एकोणऐंशी, मुक्काम बुडापेस्ट. म्हातारीने शेजाऱ्याकडून इंग्रजीत लिहवून घेऊन अकरा पानी मेल पाठवला. परवानगी आनंदाने दिली आणि वडिलांची सगळी कारकीर्द सांगितली.

काय ती कारकीर्द! बारकानी सोळा वर्षांत आठ क्लबांकडून खेळला, आणि त्यातले सात बुडाले. बुडापेस्टचा पहिला क्लब कारखान्याबरोबर बंद पडला. व्हिएन्नाच्या क्लबाचा मालक खजिन्यासकट पसार झाला. बारकानी पोटासाठी बोटीत बसून न्यूयॉर्कला गेला, तर तिथे १९२९ची मंदी त्याची वाटच बघत होती. मग फ्रान्स, मग रुमानिया, परत हंगेरी. देशासाठी एकच सामना खेळला, तोही हरले. पाय ठेवील तिथे गवत उगवणार नाही, असा हा आमचा थोर पुरुष.

पण गुणवंत कच्च्या गुरूचा चेला नव्हता. दुबईच्या मराठी मंडळातलं कुणी बदली होऊन मायदेशी निघालं, की अल मनखूलच्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ आणि गुणवंतने लिहिलेलं मानपत्र ठरलेलं. मानपत्राचा धर्म एकच, माणसाचा दोष लिहायचा नाही. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आजतागायत न दिलेल्या गृहस्थांना त्याने 'मितभाषी' म्हटलं होतं आणि हॉलने टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच हाताने त्याने बारकानीचं मानपत्र लिहिलं. आठ क्लब त्याच्यासाठी भांडले! तीन राजधान्या त्याच्या पायाशी लोळल्या! देशासाठी खेळलेल्या सामन्यात त्याने 'इतिहास घडवला', कोणता ते विचारू नका. चकचकीत पुस्तिका निघाली. व्हर्नन खूश, मालक खूश. म्हातारीला एक प्रत पाठवावी असं गुणवंतच्या मनात आलं होतं, पण कुठल्या तोंडाने पाठवणार? राहिलंच ते.

ऑक्टोबरात बँकांनी हात वर केले. टॉवरच्या जागी खणलेला भलामोठा खड्डा तसाच राहिला आणि त्यात पाणी साचलं. जानेवारीत व्हर्ननने आधी गुणवंतला नारळ दिला आणि पुढच्या आठवड्यात स्वतःही घेतला. "खलास, मॅन," एवढंच म्हणाला बिचारा.

दुबईत नोकरी गेली, की मागोमाग व्हिसा जातो, आपलाही आणि बायकामुलांचाही. रद्द झाल्यावर तीस दिवसांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर यल्ला, विमानात बसायचं. गुणवंतचे तीस दिवस फेब्रुवारीच्या शेवटी संपत होते आणि मुलीची, ईशानीची, दहावीची परीक्षा मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत होती. मुहूर्त काढणाऱ्यालासुद्धा इतका नेमका घोळ जमला नसता. पोरगी वर्षभर राबली होती. गुणवंत तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. ती मान वर न करता म्हणायची, "बाबा, आय ॲम स्टडिइंग."

त्याने एकशे दहा अर्ज केले. शेवटचे चार दिवस उरले असताना एका मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलं. पगार अकरा हजार दिरहम. "म्हणजे एक लाख त्रेचाळीस हजार रुपये," मृणालिनीने मोठ्याने हिशेब केला आणि नवऱ्याचा शर्ट स्वतः इस्त्री केला. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

मुलाखत घेणारा गाबोर नावाचा गोरा, पन्नाशीचा. त्याच्यापुढे गुणवंतचा अर्ज होता आणि अर्जाला जोडलेली बारकानीची पुस्तिका.

"चारशे अर्जांतून तुम्हालाच बोलावलं, ते ह्याच्यामुळे," गाबोर म्हणाला. "मी बुडापेस्टचा. माझ्या वडिलांना फुटबॉलचं वेड होतं. पण हा इतका थोर माणूस आमच्या घरात कुणी कधी ऐकला नाही. हे सगळं खरं आहे?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर! त्यात जीभ झिजणार होती का? पण महिनाभर दारोदार फिरताना गुणवंतच्या मनात तो बारकानी ठाण मांडून बसला होता. कागदपत्रांची फाइल काखेला मारून प्रत्येक नव्या देशात 'घेता का मला' विचारणारा.

"नाही सर," तो म्हणाला. "आठपैकी सात क्लब बुडाले." आणि मग त्याला थांबवेना. म्हातारीच्या मेलमधली, पुस्तिकेत मुद्दाम न घातलेली गोष्टही त्याने सांगून टाकली. न्यूयॉर्कचा क्लब बुडाला, तेव्हा पुढच्या रविवारची तिकिटं आधीच विकली गेली होती. पगार नाही, मालक नाही, मैदानावर जायला गाडी नाही. तरी बारकानी घरोघर फिरला, दहा जण गोळा केले, पायी मैदानावर गेला आणि चाळीस माणसांपुढे नव्वद मिनिटं खेळला. "तिकीट काढलेल्या लोकांनी काय करावं, असं त्याचं म्हणणं होतं," गुणवंत म्हणाला आणि त्याने टेबलावरची पुस्तिका पालथी घातली. लाज वाटली त्याला.

गाबोरने चष्मा काढून पुसला. उठून त्याने गुणवंतचा हात हातात घेतला. "असा माणूस आमच्यात होऊन गेला, हे मला आज कळलं. फार उपकार झाले."

गुणवंतला वाटलं, जमलं! देव आहे!

"पण माझ्या चारशे खोल्यांपैकी साडेतीनशे रिकाम्या आहेत," गाबोर म्हणाला. "आणि हॉटेल भरलेलं आहे, असं मला जगाला सांगायचंय. मला पुस्तिका लिहिणारा माणूस हवा होता. तुम्ही 'हो' म्हणून शेवटपर्यंत रेटता का, तेवढंच मला बघायचं होतं. माफ करा."

खाली येईपर्यंत मृणालिनीचा फोन आलाच. गुणवंतने झालं ते सांगितलं, काहीही न रंगवता.

"आजच सुचलं का रे तुला?" ती म्हणाली. "मेला तो सोळा वर्षांचा खोटेपणा! आजचा एक दिवस नसतास झाला हरिश्चंद्र, तर काय बिघडलं असतं? माझ्यासाठी नव्हे रे, तिच्यासाठी!"

ती खरं तेच बोलत होती.

"मी नाही सांगायची तिला. तूच सांग," म्हणून तिने फोन ईशानीकडे दिला.

"बाबा, डिड यू गेट इट?"

"नाही गं बाळा," गुणवंत म्हणाला. "पुस्तकं मिट आणि बॅग भरायला घे."