तिसऱ्या माणसाचं वजन

"गॅसची गाडी अजिबात नको," असं म्हणून पद्माकररावांनी डोशाची ताटली बाजूला सारली आणि टेबलावर चमचा आडवा ठेवला. "ही गाडी समजा. गॅसच्या टाक्या कुठे बसवणार? इथे, मागे, हौद्यात. म्हणजे मालाची जागा गेली आणि टाक्यांचं वजनही बोकांडी बसलं. गाडी माल वाहणार की स्वतःच्या टाक्या?"

समोर बसलेल्या निशिकांतने मान डोलावली. चांगी बिझनेस पार्कमधल्या त्या फूड कोर्टात गेला आठवडाभर तो जेवणाबरोबर हेच ऐकत होता. गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. सिंगापुरात एवढी वर्षं काढून त्याने एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं कार्ड सोडून कशाचीही चावी हातात धरली नव्हती. पण पद्माकरराव ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत, वयाने मोठे होते, आणि इतकं बोलताना त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"पण वल्लरीला गॅसचं सुचलं कुठून?" त्याने विचारलं.

"तोच तर घोळ आहे. 'बाबा, गॅस का डिझेल, काय घेऊ?' म्हणाली. मी म्हटलं, सांगतो, जरा अभ्यास करू दे. अहो, मी पिंपरीला ट्रकच्या चासी काढल्यात हातांनी. मला विचारणार नाही तर कोणाला विचारणार?"

हे अगदी खरं होतं. पिंपरीच्या ट्रक कारखान्यात पद्माकररावांनी ऐन उमेदीची वर्षं घालवली होती. पुढे मंदी आली, त्यांचं डिपार्टमेंट आवळलं गेलं, आणि ते रातोरात कॉम्प्युटर शिकून सिंगापूरला आले. तेव्हापासून बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत बसले होते. भार कुठे पडतो, पाटे कुठे दबतात, आस कुठे वाकतो, हे डोक्यातलं सगळं ज्ञान इथे कोणाच्या कामाचं नव्हतं. वीस वर्षांत त्यांना त्यातलं एका माणसाने काही विचारलं नाही, आणि आता विचारलं ते पोटच्या मुलीने. त्यांना किती बरं वाटलं होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

वल्लरी सिंगापुरातच, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये लहानाची मोठी झाली; वाक्याच्या शेवटी 'लाह' नि 'आह' लावायची तिथली सवय तिची पुढेही सुटली नाही. कीटकशास्त्र शिकायला कॅलिफोर्नियाला गेली आणि तिथेच डॅनियल नावाच्या मुलाशी लग्न करून राहिली. आता दोघं मधमाश्या पाळत होती. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं की पद्माकरराव तसंच सांगत. "म्हणजे रिसर्च का हो?" असं समोरची बाई आशेने विचारी. "नाही हो, पाळते. लोक गाई पाळतात तशा," असं म्हणून ते मोकळे होत. फेब्रुवारीत बदामाच्या बागा फुलल्या की मधमाश्यांच्या शेकडो पेट्या परागीकरणासाठी तिथे भाड्याने नेऊन ठेवायच्या, हा तिचा मुख्य धंदा. पेट्या वजनाला दगड. अर्ध्या हौद्यात भरायच्या, अर्ध्या मागे जोडलेल्या ट्रेलरवर. जुनी गाडी त्या ओझ्याने पार मोडकळीला आली होती, म्हणून ही दणकट नवी पिकअप.

"मागे सीटवाली डबल कॅबच घ्यायला लावणार आहे मी," पद्माकरराव म्हणाले. "पुढे ती दोघं, मागे मी."

निशिकांत मिश्कील हसला. "म्हणजे मुलीच्या घरी मुक्काम पक्का? आमचे आजोबा मुलीकडे पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, पद्माकरराव."

"फुकट कुठे पिणार आहे? पेट्या उतरवीन, दोर आवळीन. गाडीची निगा राखीन."

ते थट्टेत बोलले खरे, पण त्यात थट्टा नावालाच होती. त्यांची बायको अरुणा गेली तेव्हा वल्लरी दहा दिवसांसाठी आली होती. परत जाताना चांगी विमानतळावर ती त्यांच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "बाबा, रिटायर झालास की आमच्याकडे ये. एकटा राहून काय करणार तू इथे?" त्या एका वाक्यावर ते तेव्हापासून दिवस ढकलत होते. मुलीकडे जाऊन राहायचं म्हणजे आधी त्यांनाही अवघड वाटलं होतं. हळूहळू त्यांनी मनाची समजूत घातली. मार्चमध्ये ते रिटायर होणार होते. ऑफिसने आणखी एक वर्ष राहा म्हणून विचारलं होतं, आणि एचआरमधल्या मिस लिमला ते दर वेळी "कळवतो" एवढंच सांगत होते. आधी गाडीचं ठरू दे, मग आपोआप आपलाही विषय निघेल, असा त्यांचा हिशेब होता. आपण होऊन विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. पडद्यावर आधी एक तपकिरी कुत्रा आला, मग त्याला बाजूला ढकलून वल्लरी आली.

"बिस्किट, सिट! हां, बोल बाबा. तुझा ईमेल वाचला. इतका लाँग! पण बाबा, तू सिलिंडरबद्दल का लिहिलंस सगळं?"

"मग? गॅसला सिलिंडर नकोत? अगं, अर्धा हौदा टाक्याच खातील."

वल्लरी जी हसत सुटली ती थांबेचना. "अय्यो, बाबा! गॅस मीन्स पेट्रोल लाह! गॅसोलीन! इकडे सगळे गॅसच म्हणतात. डॅन, ही थॉट सिलिंडर!"

मागून डॅनियलच्या हसण्याचा आवाज आला. पद्माकररावही हसले. आठवडाभर आपण स्वयंपाकाच्या गॅसशी भांडत होतो म्हणायचं. मुलगी खूप दिवसांनी अशी पोट धरून हसली होती, त्यामुळे त्यांना मूर्ख ठरल्याचं काही वाटलं नाही.

"बरं, पेट्रोल तर पेट्रोल," ते म्हणाले. "मग उलटच आहे सगळं. ओढायला डिझेलचा जोर जास्त. पण डिझेलचं इंजिन स्वतःच जड असतं. गाडीने एकूण किती भार सोसायचा ते ठरलेलं. इंजिन जड घेतलंस की तेवढा माल कमी. तुला डोंगर चढायचेत का?"

"नो लाह, सगळं फ्लॅट. दोन-तीन तास ड्राइव्ह."

"मग पेट्रोलच घे."

आयुष्यभर डिझेलची बाजू घेतलेल्या माणसाला हे म्हणताना थोडं जड गेलं, पण हिशेब सांगत होता ते खोटं कसं म्हणणार? त्यांनी चष्मा नीट केला आणि मुलीला पुढचं समजावायला घेतलं. गाडीच्या दारावर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं तेवढंच ओझं खरं, जाहिरातीतलं नव्हे. ट्रेलर मागे असला तरी त्याचा थोडा भार हुकवर, म्हणजे गाडीवरच येतो, तो धरायचा. आणि आत बसलेली माणसंही ओझ्यातच मोजायची. वल्लरी गालावर हात ठेवून ऐकत होती. शाळेत गणितं सोडवून घेताना बसायची अगदी तशीच.

"सगळं धरून बघितलंय मी," ते म्हणाले. "डबल कॅब घेतली तर थोड्या पेट्या कमी बसतात, पण चालेल. माणसं तीन धरलीत, प्रत्येकी सत्तर किलो."

"थ्री? हू इज थ्री?" वल्लरीने मागे वळून डॅनियलकडे पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "ओह, बिस्किट! बाबा, सो स्वीट! तू बिस्किटला पण मोजलंस? पण सत्तर किलो? ही इज ओन्ली ट्वेंटी लाह!"

तिने कुत्र्याला उचलून मांडीवर घेतलं आणि त्याचा पंजा पडद्यासमोर हलवला. "आजोबांना थँक्यू म्हण."

पद्माकररावांना सांगता आलं असतं. अगं, तिसरा मी, इतकंच तर म्हणायचं होतं. पण ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की ही दिलेला शब्द विसरलेली नाही. शब्द दिला होता हेच हिच्या गावी नाही. विमानतळावर माणसं रडतात, काहीबाही बोलतात, तशी ती बोलली होती. ते मनापासूनच बोलली होती. पण त्याच्यावर एखादा माणूस घर बांधून राहील हे तिला कसं कळावं? त्यांना फार वाईट वाटलं. त्याहून जास्त लाज वाटली, स्वतःची.

"हो," ते म्हणाले. "कुत्राच धरला होता. वजन जरा जास्त धरलं गेलं."

"मग आता?"

"आता काय." त्यांनी समोरच्या कागदावर पेन टेकवलं. तिसऱ्या माणसाच्या आकड्यावर काट मारली. "तुम्ही दोघं आणि कुत्रा. मग मागची सीट कशाला? सिंगल कॅब घ्या. मागच्या सीटचं आणि दारांचं वजन गेलं, हौदाही लांब मिळाला. पेट्याच पेट्या बसतील."

"पण तू ईमेलमध्ये लिहिलंस, डबल कॅब इज मस्ट."

"ते माणसांसाठी म्हणत होतो. तुला माल न्यायचाय."

"शुअर आह? कन्फर्म?"

"कन्फर्म."

"यू आर द बेस्ट, बाबा." ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. "अँड बाबा, तू विझिटला येशील ना, तेव्हा डॅनच्या मॉमची कार घेऊ. दोन आठवडे तरी ये हं. प्रॉमिस?"

"येईन की," पद्माकरराव म्हणाले. "बागा फुललेल्या बघायच्यात मला."

फोन बंद झाल्यावर ते बराच वेळ इस्त्रीच्या शर्टात तसेच खुर्चीवर बसून राहिले. खाली एलआरटीची छोटी गाडी येत होती, जात होती. अरुणा असती तर म्हणाली असती, तोंड उघडून विचारायला काय झालं होतं? दुपारी त्यांनी कुकर लावला, तोही एकट्यापुरता.

सोमवारी जेवणाआधी ते मिस लिमच्या टेबलापाशी गेले. "एक्स्टेंड आह, मिस्टर पद्माकर?" तिने विचारलं. "एक्स्टेंड," ते म्हणाले. "गुड, गुड," ती म्हणाली आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

फूड कोर्टात निशिकांत वाटच बघत होता. "काय ठरलं मग? गॅसचा निकाल लागला?"

पद्माकररावांनी पेट्रोलचा किस्सा रंगवून सांगितला, स्वतःची फजिती तर जरा जास्तच खुलवून. निशिकांत हसून हसून बेजार झाला. मग ते म्हणाले, "शेवटी सिंगल कॅब घ्यायला सांगितली."

निशिकांतचं हसू ओसरलं. गाडीतलं काही कळत नसलं तरी सिंगल कॅबमध्ये माणसं किती बसतात एवढं त्याला कळत होतं. "मग तुम्ही कुठे बसणार?"

"मालाची गाडी आहे हो ती," पद्माकरराव म्हणाले आणि डोशाचा तुकडा मोडला. "माणसं नेण्यासाठी नसते."

निशिकांतने उठून दोघांसाठी चहा आणला.

फेब्रुवारीत वल्लरीने फोटो पाठवला. पांढरी दणकट गाडी, मागे ट्रेलर, दोन्हीवर पेट्यांच्या रांगा दोरांनी आवळलेल्या. स्टिअरिंगवर वल्लरी, पलीकडे डॅनियल आणि दोघांच्या मध्ये जीभ काढून बसलेला कुत्रा. पद्माकररावांनी जेवताना फोन निशिकांतपुढे धरला आणि बोटांनी फोटो मोठा केला. मुलीचा चेहरा बाजूला गेला, कुत्रा गेला, आणि पडद्यावर गाडीचं मागचं चाक तेवढं उरलं.

"इथे बघा, चाकाच्या वर," ते म्हणाले. "एवढी भरली आहे, तरी मागे जराही दबली नाही. कशी सरळ उभी आहे बघा."

निशिकांतला त्यातलं काहीच समजलं नाही, पण तो वाकून त्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिला.

"खरंच," तो म्हणाला. "अगदी सरळ."