पेल्यांची उतरंड

संगणकातले अप्पा केव्हाच बरे झाले होते. खरे अप्पा अजून पळत होते.

वर्षाराणी वैतागली. नांदेडला विद्यापीठात ती संगणकावर मेंदूचं गणित मांडायची. मेंदू अंदाज बांधतो, चुकला की दुरुस्त करतो. आजारी मनात ही दुरुस्ती कुठंतरी अडते. कुठं, ते शोधायचं. नमुन्याला तिनं बापच घेतला, त्यांना विचारूनच.

भूकंपात गावाकडचं घर बसलं, तेव्हापासून लातूरच्या घरात ओट्यावर पेल्यांची उलटी उतरंड, हादरा लगेच कळावा म्हणून. ती खणखणली की अप्पा, म्हणजे बसलिंगप्पा, अंगणात.

गणित म्हणे : भूकंप पुन्हा आला नाही, भीती विरायला हवी.

विरली नव्हती.

दुपार. घरातच अप्पांची मेस. वर्षाराणी सुट्टीला आलेली. क्लासची पोरं पंगतीला. बाहेरून ट्रक गेला.

खण्ण!

अप्पा पळाले. मागं उमादेवी. मागं पोरं, ताटासकट, वरण न सांडता. वर्षाराणीही, हातात चपाती—

अंगणात ती थबकली.

"आई, तू का पळतीस गं?"

"त्यास्नी एकटं वाटू नये म्हनून."

"आनि तू रे, सत्यम?"

"मेसचा नियमच हाय ताई. नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवतो आमी."

अप्पा वळून बघत होते. सगळं घर बाहेर. मग धोका खोटा कसा?

आणि गणितात तिनं अप्पांना एकटंच ठेवलं होतं!

तिनं गणितात माणसं घातली. पडद्यावरची भीती हुबेहूब अप्पांसारखी टिकून राहिली. माणसं बसवून ठेवली. भीती उतरली.

"म्हंजे माझं येड तुमी पोसलं?" अप्पा म्हणाले.

"मायेनं, अप्पा. आता तुमी खुशाल पळा. आमी उठनार न्हाई."

"बघू की."

खण्ण!

अप्पा अंगणात. एकटे.

आत उमादेवीनं पदर मुठीत आवळला होता. "काकू, वरण," सत्यम म्हणाला. तिनं वाढलं.

अप्पा दारात आले. "एक बी उठला न्हाई?"

"न्हाई!"

"नालायकांनो," म्हणत ते स्लॅबखाली आले.

असं कैकदा झालं. दर वेळी अप्पा थोडे लवकर परतले. मग एका दुपारी—

खण्ण!

अप्पा भात वाढत होते. खांदे आखडले. पाय उचलला. आणि पुढच्या ताटापाशी टाकला.

"कुनाला भात?"

पोरांनी शिट्ट्यांनी घर डोक्यावर घेतलं. अप्पांनी पडलेला पेला विसळला, ताकानं भरला, लेकीपुढं ठेवला.

"तुझ्या संगणकातल्या बसलिंगप्पाला सांग, मी बी पोचलो म्हनावं."