झाकणाच्या आत दोन रेघा

टायमिंग बेल्ट लाख किलोमीटरला बदलायचा किंवा पाच वर्षांनी, जे आधी येईल ते. साधं वाक्य आहे, पण गिऱ्हाईक त्यातलं पहिलं अर्धं ऐकतं आणि उरलेल्याला बहिरं होतं. त्या सकाळी आलेल्या बाईही तशाच. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, चार तास गाडी चालवून आलेल्या. गाडी पन्नास हजारसुद्धा पळालेली नव्हती.

खर्च सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे बेल्ट एवढासा आणि मजुरी त्याच्या तिप्पट? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

"बाई, त्या कोंबडीपर्यंत पोचायला इंजिनाची अख्खी पुढची बाजू उघडावी लागते. आणि उघडलंच आहे तर पाण्याचा पंपही बदलून टाकायचा. नाहीतर वर्षभरात त्याच्यासाठी पुन्हा हीच मजुरी."

"आणि नाही बदलला तर?"

"काही नाही. आवाज येत नाही, धूर येत नाही. एक दिवस तुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, मग आजच्या दहापट खर्च."

"मग आधी उघडून बघा ना. चांगला दिसला तर ढकलू दोन वर्षं."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्याला कारण आहे.

हे गॅरेज आम्हा दोघा भावांचं. नऊ वर्षांपूर्वी असंच एक गिऱ्हाईक आलं होतं. गाडी कमी पळालेली, बेल्टची वर्षं भरलेली. दादा म्हणाला, "बदलायचाच." तो जेवायला घरी गेला आणि मी शहाणपणा केला. झाकण उघडलं, बेल्टचे दात एकेक करून पाहिले, नव्यासारखे होते. कशाला माणसाला खर्चात टाका, म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे झाकणाच्या आतून खडूनं तारीख लिहिली, 'पाहिला, ठीक' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. काम एकानं केलं तरी रेघा दोनच. एक दादाची, एक माझी. दादाला मात्र सांगायचं राहिलं.

चार महिन्यांनी तो बेल्ट तुटला. गिऱ्हाईक गॅरेजात उभं राहून ओरडत होतं, "कोणी पाहिला होता?" दादानं झाकण हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि म्हणाला, "मी."

मी मूग गिळून गप्प बसलो. दादा आठवड्याला दहा बेल्ट बघतो, त्याला खरंच वाटत असेल आपणच पाहिला, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग लोक म्हणायला लागले, थोरल्याचा हात गेला, गाडी धाकट्याकडे द्या. माझ्या देखत म्हणायचे. तेव्हाही मी गप्पच. दोन महिन्यांनी दादा वहिनीला आणि पान्यांची एक पेटी घेऊन दुसऱ्या गावाला निघून गेला. वहिनीनं पत्ता कळवला होता, तिथे तो एकटाच दुकान चालवतो हेही. पत्ता होता, पण जायला तोंड नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी शटर उघडताना त्याच्या रिकाम्या खुंटीकडे बघतो. दुपारचा चहा अजून दोनच सांगतो. एक गार होतो.

असो. बाईंना खुर्ची दिली आणि झाकण काढलं. बेल्ट अगदी नव्यासारखा. एक दातही झिजलेला नाही. मी झाकण उलटं केलं.

आत खडूनं तारीख होती, पाच वर्षं तीन महिन्यांपूर्वीची. किलोमीटर होते. पुढे लिहिलं होतं, '५ वर्षांनी बदलणे', आणि त्यातला पाचाचा आकडा शेपूट लांब ओढलेला. असा पाच जगात एकच माणूस काढतो. खाली दोन रेघा.

तिथे तो एकटाच काम करतो आणि तरी दोन रेघा ओढतो! मी स्टुलावर बसलो.

"ज्यांनी हा बसवला, त्यांनीच इथला पत्ता दिला होता," बाई म्हणाल्या. "म्हणाले, पाच वर्षांनी माझ्याकडे आणू नका, तिथे धाकट्याकडे न्या. मी विचारलं, दुकान बंद करताय का? म्हणाले, नाही, मी इथेच आहे. मला काही गणित सुटलं नाही."

"आणखी काही म्हणाले?"

"म्हणाले, तो उघडून बघेल. बघून काय करतो ते मला येऊन सांगा." त्या पुढे झुकल्या. "मग? कसा आहे?"

"दिसायला उत्तम आहे," मी म्हणालो. "तरी बदलणार. रबर नुसतं उभ्या गाडीतही म्हातारं होतं. नको असेल तर मजुरी देऊ नका, पण हा बेल्ट मी परत बसवणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बेल्ट झाला, पंप झाला. झाकणाच्या आत तारीख लिहिली, दोन रेघा ओढल्या. ज्यानं बेल्ट बसवला त्यानं गाडी चालवून बघायची, हा आमचा नियम.

"किती लांब चालवून बघणार?" बाईंनी विचारलं.

"चार तास," मी म्हणालो. "तुम्हाला घरी सोडतो."

वाटेत बाई बोलत होत्या आणि मी तोंडातल्या तोंडात एकच वाक्य घोकत होतो.

बाईंच्या गावात पोचलो तेव्हा दादा दुकानाबाहेर एका गाडीखाली होता. इंजिनाचा आवाज ऐकून बाहेर सरकला. केस सगळे पांढरे झालेले. बाईंच्या गाडीतून मी उतरलो, तेव्हा तो पुसायच्या फडक्यानं बोटं एकेक करून पुसत राहिला.

"तीन महिने उशीर," तो म्हणाला.

"दादा, त्या दिवशी तो बेल्ट मी पाहिला होता."

"माहीत आहे. अक्षर तुझं होतं. मला काय दिसत नव्हतं?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो." त्यानं फडकं माझ्या खांद्यावर टाकलं, लहानपणी टाकायचा तसंच, आणि आत वळून ओरडला, "अगं, चहा दोन टाक."